कोरड्या भुकटीतलं पाणी

प्रश्न : घराचं वायरिंग नव्यानं करून घेतोय. दुकानदारानं तीन प्रकारच्या वायरी समोर ठेवल्या. त्यातल्या सगळ्यांत महाग, ‘एचएफएफआर’ छापलेल्या वायरीबद्दल तो म्हणाला, “हिच्या प्लॅस्टिकमध्ये निम्म्याहून जास्त दगडाची पूड आहे. आग लागली की ती पाणी सोडते, म्हणून वायर लवकर पेट घेत नाही.” प्लॅस्टिकमध्ये दगडाची पूड म्हणजे भेसळच ना? आणि कोरडी पूड पाणी आणणार कुठून?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुकानदारानं तुम्हाला खरं तेच सांगितलं. या वायरीच्या आवरणात वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास पांढरी खनिज भुकटी असते, आणि तापल्यावर ती खरोखरच पाणी सोडते. तिला भेसळ का म्हणता येत नाही, हे कळायला मात्र थोडं खोलात शिरावं लागेल.

ही भुकटी बहुतेक वेळा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची असते. प्लॅस्टिकवाले तिला ‘एटीएच’ म्हणतात. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम करताना मधल्या टप्प्यावर ती तयार होते. बॉक्साइट दाट कॉस्टिक सोड्यात उकळायचं, त्यातला लाल गाळ बाजूला काढायचा आणि निवळ द्रावणातून हायड्रॉक्साइडचे कण खाली बसवायचे, अशी ही रीत. कार्ल बायर या रसायनतज्ज्ञानं १८८८च्या सुमारास ती बसवली आणि आजही जगभर तीच चालते. हे काही तुमच्यापासून लांबचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि बेळगावला बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणारा जुना कारखाना आहे. दुसरी भुकटी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची. छातीत जळजळ झाली की आपण जे पांढरं, खडूच्या चवीचं औषध घेतो, त्यातल्या बऱ्याच औषधांमध्ये हीच दोन संयुगं असतात.

आता पाण्याचं. हे पाणी भुकटीला लागलेलं ओलेपण नव्हे. ती हातात घेतली तर पिठासारखी कोरडी लागते. पण तिच्या प्रत्येक कणात हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्या ॲल्युमिनियमला रासायनिक बंधानं जखडलेल्या असतात. तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की हे बंध सुटू लागतात, दोन-दोन जोड्यांमधून पाण्याचा एक-एक रेणू बनतो आणि वाफ होऊन बाहेर पडतो. मागे उरतो ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. एक किलो भुकटीतून असं सुमारे ३४६ ग्रॅम पाणी निघतं, म्हणजे वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त.

या पाण्यानं आग विझते, असं ऐकलं की डोळ्यांसमोर बंबाचं पाणी येतं. पण इथे घडतं ते बरंच वेगळं आहे आणि मला तरी ते जास्त सुंदर वाटतं. ते समजायला आधी प्लॅस्टिक जळतं कसं हे बघायला हवं.

घन प्लॅस्टिक कधीच जळत नाही. जळतो तो त्याच्यातून निघालेला वायू. मेणबत्तीची ज्योत निरखून बघा. ती मेणाला चिकटलेली नसते. वातीतून वर चढलेल्या मेणाची वाफ होते आणि पेटते ती वाफ. पॉलिथिन तर रासायनिकदृष्ट्या मेणबत्तीच्या मेणाचंच लांबलचक भावंड आहे. उष्णतेनं त्याच्या साखळ्या ४०० अंशांच्या आसपास तुटतात, लहान तुकडे वायू होऊन उठतात, हवेतल्या ऑक्सिजनशी मिसळून पेटतात. त्या ज्वाळेतली थोडी उष्णता परत खाली प्लॅस्टिकवर पडते, आणखी साखळ्या तुटतात, आणखी वायू उठतो. हे चक्र चालू राहिलं तर आग वाढते आणि कुठे तुटलं तर मरते.

इथे एक हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय या भुकटीची कमाल लक्षात येत नाही. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळलं तर सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता निघते. पेट्रोलचा आकडाही याच्या जवळपासच आहे. उलट एक किलो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड फुटताना जेमतेम १.२ मेगाज्यूल उष्णता शोषून घेतं. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. एका बाजूला ४३ आणि दुसऱ्या बाजूला सव्वाच्याही आत. असा सामना भुकटीनं हरायला हवा.

ती हरत नाही, कारण तिची झुंज ४३ मेगाज्यूलशी नसतेच. ज्वाळेची बहुतेक उष्णता वर आणि बाजूला निघून जाते. प्लॅस्टिककडे परत येतो तो लहानसा वाटा. आणि एक किलो पॉलिथिन तापवून, तोडून त्याचा वायू करायला दोन मेगाज्यूलच्या आसपासच उष्णता लागते. चक्रातला नाजूक दुवा हाच. वायरीच्या आवरणात एक किलो प्लॅस्टिकमागे दीड किलो भुकटी असते, म्हणजे ती फुटताना पावणेदोन मेगाज्यूल गिळते. दोन मेगाज्यूलचं काम पावणेचारचं झालं, शिवाय भुकटीला तापवायला लागणारी उष्णता वेगळीच. परत आलेल्या तुटपुंज्या उष्णतेला आता जवळजवळ दुप्पट काम करावं लागतं. तेवढ्यानं आगीचा दम तुटतो.

तेवढ्यावर भागत नाही. दीड किलो भुकटीतून निघालेलं अर्ध्या किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच ज्वलनशील वायूत मिसळतं. वाफ जळत नाही, त्यामुळे पेटणारं मिश्रण पातळ होतं. एक किलो भुकटीची वाफ, अगदी १०० अंशांना मोजली तरी, सहाशे लिटरच्या घरात जाते. आगीच्या तापमानाला ती आणखी फुगते. मागे उरलेला ऑक्साइड पृष्ठभागावर पांढऱ्या राखेचा थर धरतो. तो खालच्या प्लॅस्टिकला वरच्या उष्णतेपासून आडोसा देतो आणि खालून उठणाऱ्या वायूची वाट अडवतो. नव्यानं तयार झालेला हा ऑक्साइड अतिशय सच्छिद्र असल्यामुळे काजळीचे कण धरून ठेवतो, म्हणून धूर कमी होतो. आणि सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे, जिथे भुकटी आहे तिथे प्लॅस्टिक नाही. इंधनच कमी भरलंय. या सगळ्यांत कोणाचा वाटा किती, याचा हिशेब हल, विटकोव्स्की आणि हॉलिंगबेरी या संशोधकांनी २०११ साली मांडला. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा फुटताना शोषलेल्या उष्णतेचाच निघाला.

आता भेसळीचा मुद्दा. खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, दिसायला हुबेहूब अशीच असते आणि ती बरीच स्वस्त पडते. प्लॅस्टिकमध्ये ती सर्रास घालतात आणि त्यात गैर काही नाही. पीव्हीसीमध्ये तर ती आगीत निघणारं थोडं आम्लही खाऊन टाकते. पण पॉलिथिनसारख्या प्लॅस्टिकची आग रोखायला ती जवळजवळ निरुपयोगी आहे. तीही तापल्यावर फुटते, उष्णता शोषते, न जळणारा कार्बन डायऑक्साइड सोडते. पण हे सगळं सुरू व्हायला ७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तोवर प्लॅस्टिक जळून गेलेलं असतं. म्हणजे ती फक्त जागा अडवते.

म्हणून या सगळ्या शास्त्रात कळीची गोष्ट वेळेची आहे. खनिजानं पाणी सोडायचं ते प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटण्याच्या थोडं आधी, पण कारखान्यातल्या यंत्रातून प्लॅस्टिक वितळून जात असताना मात्र अजिबात नाही. यंत्रातच वाफ सुटली तर वायरीच्या आवरणाचा फेस होईल. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड २०० अंशांच्या आसपास सुटतं, म्हणून ते ईव्हीए आणि पॉलिथिनसारख्या, १५० ते १८० अंशांना काम भागणाऱ्या प्लॅस्टिकला चालतं. पॉलिप्रोपिलीनला यंत्रात २०० अंशांच्या वर न्यावं लागतं, नायलॉनला २६० च्याही पुढे. तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरतात, कारण ते ३०० अंशांच्या पलीकडे गेल्यावरच पाणी सोडतं आणि किलोमागे उष्णताही थोडी जास्त शोषतं. ग्रीस आणि तुर्कस्तानात हायड्रोमॅग्नेसाइट आणि हंटाइट ही दोन खनिजं एकत्र मिसळलेली सापडतात. पहिलं २२० अंशांच्या आसपास पाणी सोडू लागतं, दुसरं ४०० च्या पुढे कार्बन डायऑक्साइड. निसर्गानंच पाळी लावून दिलेली ही जोडी मला फार आवडते.

या उपायाची किंमतही मोजावी लागते. ६० टक्के खनिज घातलं की आवरण जड होतं, ताठ होतं, ताणलं तर लवकर तुटतं. तुमचा वायरमन कंड्युट पाइपातून ही वायर ओढताना तक्रार करेल, ती खोटी नसेल. हे टाळायला भुकटी एक-दोन मायक्रॉन इतकी बारीक दळतात, कणांना सिलेन किंवा स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप देतात आणि खनिजाशी जुळवून घेणारं ईव्हीएसारखं प्लॅस्टिक निवडतात. महाग वायरीत पैसा जातो तो या सगळ्याला. भुकटीचं प्रमाण घटवून मऊपणा मिळवणं सोपं आहे, पण मग हिशेब बिघडतो. ६० च्या जागी ३० टक्के घातली तर किलोभर प्लॅस्टिकमागे दीड किलोऐवजी साधारण ४३० ग्रॅमच भुकटी उरते. संरक्षण अर्धं होत नाही, जवळजवळ पाऊण भाग जातं.

मग एवढा खटाटोप कशाला? साधी पीव्हीसी वायरही सहजासहजी पेटत नाही, हे खरंच आहे. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं. आगीत ते हायड्रोजन क्लोराइड होऊन निघतं आणि ज्वाळेतल्या अभिक्रियांची साखळीच तोडतं. पण तोच वायू डोळ्यांच्या आणि घशाच्या ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो. डोळे मिटतात, श्वास अडकतो, त्यात काळा धूर. जिन्यापर्यंतचं दहा पावलांचं अंतर अशा वेळी पार होत नाही. आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळेनं मरत नाहीत, धुरानं मरतात, आणि माझ्या मते वायर निवडताना हाच विचार पहिला असायला हवा. एचएफएफआरमधला ‘एचएफ’ म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनसारखे हॅलोजन नसलेली. पीव्हीसी पण ज्वालारोधक ती ‘एफआर’, आणि धूर व आम्ल कमी केलेली पीव्हीसी ती ‘एफआरएलएस’. दुकानदारानं दाखवलेल्या इतर दोन वायरी बहुधा या असाव्यात. धूर मोजायची एक चाचणी सांगतो : तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत एक लिटर अल्कोहोलच्या ज्वाळेवर केबल जाळतात आणि खोलीच्या एका टोकाकडून सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते बघतात. कमी धुराच्या केबलला साधारणपणे किमान ६० टक्के प्रकाश पोचू द्यावा लागतो.

दुसऱ्या बाजूला, प्लॅस्टिकची आग रोखायला ब्रोमीनवाली रसायनं होती. कमी मात्रेत जबरदस्त काम करणारी, पण त्यातली काही वर्षानुवर्षं मातीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या चरबीत साठून राहतात. टीव्ही-संगणकांच्या आवरणांत भरपूर वापरलेलं डेका-बीडीई २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत गेलं. खनिज भुकटीकडे जगाचा ओढा वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

तसं खनिजानं आग रोखणं फार जुनं आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात रोमन सेनापती सुल्लानं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराला वेढा घातला, तेव्हा एका लाकडी बुरुजाला काही केल्या आग लागेना, कारण त्याला तुरटी चोपडलेली होती, असं रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचंच, पाणी धरून ठेवणारं लवण. १८२१ साली गे-ल्युसॅक या रसायनतज्ज्ञानं फ्रान्समध्ये नाटकगृहांतल्या पडद्यांसाठी अमोनियमची लवणं आणि टाकणखार यांची मिश्रणं तपासली.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीवर एसीपी शीट लावायचं ठरतंय. ठेकेदार म्हणतो, ‘एफआर कोअर’ आहे, काळजी नको. हा एफआर कोअर म्हणजे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वरच्या उत्तरातली भुकटी इथेही आहे, आणि इथे तर ती जास्त महत्त्वाची. एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन पत्र्यांमध्ये दाबलेला तीनेक मिलिमीटरचा गाभा. बाहेरून सगळी शीट सारखीच दिसतात. सगळा फरक त्या गाभ्यात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली. चौथ्या मजल्यावरच्या घरातल्या फ्रिजपासून सुरू झालेली आग बाहेरच्या पॅनेलांना लागली, चोवीस मजली इमारतीच्या माथ्यापर्यंत चढली आणि ७२ माणसं गेली. त्या पॅनेलांचा गाभा पॉलिथिनचा होता. चौकशीच्या पहिल्या अहवालात आग पसरण्याचं मुख्य कारण म्हणून तेच नोंदलं आहे.

त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारनं सुमारे नऊ मीटर उंचीच्या भिंती उभारून सात वेगवेगळ्या जोड्यांना आग लावून बघितली. पॉलिथिनचा गाभा दोन्ही चाचण्यांत नापास झाला, त्यातल्या एकीत मागे दगडी लोकर असूनही. एफआर गाभा, म्हणजे साधारण ७० टक्के खनिज आणि उरलेलं प्लॅस्टिक, मागे दगडी लोकर असताना पास झाला, पण मागे फोमचं उष्णतारोधक असताना नापास. ९० टक्क्यांच्या आसपास खनिज असलेला, ‘ए-टू’ दर्जाचा गाभा फोमसह आणि दगडी लोकरीसह, दोन्ही वेळा पास.

म्हणजे ठेकेदाराचं ‘एफआर आहे’ हे उत्तर अपुरं आहे. शीटच्या मागे काय येणार, फटी कुठे राहणार, प्रत्येक मजल्याला आग अडवणारी आडवी पट्टी आहे का, यावर सगळं ठरतं. मी असतो तर त्याच्याकडे गाभ्याच्या उष्मांकाचा प्रयोगशाळेतला अहवाल मागितला असता. ब्रिटननं तेव्हा लावलेली चाळणी सोपी होती : किलोमागे ३ मेगाज्यूलपर्यंत सर्वांत सुरक्षित गट, ३ ते ३५ मधला, ३५ च्या वर धोक्याचा. शुद्ध पॉलिथिन या शेवटच्या गटात पडतं, हे आता वेगळं सांगायला नको. उंच इमारतीसाठी मी ए-टू सोडून दुसरं काही सुचवणार नाही, पैसे जास्त लागले तरी.

प्रश्न : ज्वालारोधक वायर लावली, तर आगीत दिवे आणि लिफ्ट चालू राहतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ज्वालारोधक वायर आग पुढे नेत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून मोठी आग तिच्यावर येऊन पडली तर तीही जळेल, उघड्या तारा एकमेकींना चिकटतील आणि वीज जाईल. शिवाय एकट्या वायरीची चाचणी वेगळी आणि उभ्या शाफ्टमधून वर जाणाऱ्या जुडग्याची वेगळी. एकटी वायर विझते म्हणून जुडगं विझेलच असं नाही, कारण तिथे प्रत्येक वायर शेजारणीला तापवत असते.

आगीतही वीज चालू ठेवायची तर वेगळी केबल घ्यावी लागते. तिच्यात तांब्याच्या तारेवर थेट अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर बाकीचं आवरण. प्लॅस्टिक जळून राख झालं तरी अभ्रक तारांना एकमेकींपासून दूर ठेवतं. एका ब्रिटिश मानकानुसार अशी केबल ९५० अंशांच्या ज्वाळेत तीन तास वीज वाहताना तपासतात. आगीचा पंप, आपत्कालीन दिवे, अग्निशमन दलाची लिफ्ट आणि धोक्याची घंटा यांच्या केबली या प्रकारच्या हव्यात. तुमच्या इमारतीचा विजेचा आराखडा ज्यानं केलाय, त्याला या चार जोडण्यांची केबल कोणती आहे एवढं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.